जुना जपानी ॲम्प ठेवावा की नवा क्लास-डी? आवाजात खरा फरक कुठे पडतो?

राजेंद्रनगरकर, इंदूर

मंडळी, नमस्कार.

घरात दोन ॲम्प्लिफायर आहेत, त्यातला एकच ठेवायचाय. पहिला १९७०च्या दशकाच्या शेवटाकडचा जपानी इंटिग्रेटेड (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात): ८ ओमवर दर चॅनलला ४० वॅट, मागे फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठी), ट्यूनर (रेडिओ), ऑक्स (इतर उपकरणांसाठी) आणि टेप यांच्या जोडण्या. आत आजवर कुणी हात घातलेला नाही. दुसरा टीपीए३११६ चिपवरचा तळहाताएवढा क्लास-डी (ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून चालणारा), सोबत आलेल्या १२ व्होल्ट ५ अँपिअरच्या अडॅप्टरवर चालतो. स्पीकर बुकशेल्फ, ८ ओम, ८६ डीबीचे. खोली १२ बाय १४ फूट. एक रेकॉर्ड प्लेअर आहे, बाकी सगळं मोबाइलला जोडलेल्या डॅकमधून (डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल करणारी डबी). ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत.

जुना भरदार वाजतो, तानपुरा आणि डग्गा त्याच्यावर फार छान लागतात. नवा स्वच्छ आहे, पण आवाज वाढवला की तार सप्तकात चिरका होतो आणि तबल्याची थाप कानाला बोचते. जुन्याच्या तक्रारीही आहेत. कमी आवाजावर डावा चॅनल गायब होतो, नॉब थोडा पुढे नेला की टक्कन परत येतो. नॉब फिरवताना खरखर. स्पीकरला कान लावला तर बारीक घुं ऐकू येतं. डॅक लावला की नॉब घड्याळातल्या आठ-नऊच्या पुढे नेताच येत नाही, आणि तिथे डावा-उजवा आवाज सारखा नसतो.

महाराणी रोडवर विचारलं. एकजण म्हणाला, सगळे कंडेन्सर (कपॅसिटर) आणि आउटपुट ट्रान्झिस्टर सरसकट बदला. दुसरा म्हणाला, एवढ्या जुन्या मालाचा आवाज आताच्या मालासारखा येणारच नाही, काढून टाका. जुने ॲम्प खरंच नव्याइतके चांगले वाजतात का, आणि याच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का?

रोहित्र, वडोदरा

आधी नव्याचा अडॅप्टर बघू, कारण तुमची तुलना तिथेच घसरली आहे.

टीपीए३११६ वर ‘२ × ५० वॅट’ असं छापलेलं असतं ते २१ व्होल्ट सप्लाय आणि ४ ओमच्या स्पीकरवर. तुमच्याकडे १२ व्होल्ट आणि ८ ओम. ही चिप ब्रिजमध्ये चालते, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं एकमेकांच्या उलट चालवते, म्हणून स्पीकरच्या दोन टोकांत जास्तीत जास्त ११ व्होल्टच्या आसपासचं शिखर मिळतं. ११ चा वर्ग १२१, भागिले १६ (८ ओमची दुप्पट), म्हणजे साडेसात वॅट. त्याच्या पुढे लाटेचा माथा कापला जातो. जुन्याचे ४० वॅट म्हणजे २५ व्होल्टचं शिखर. दोघांत सात डीबीहून जास्त अंतर आहे.

ऐकताना याचा अर्थ काय? तुमचे स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डीबी देतात, एवढ्यात खोली छान भरते. पण सरासरी एक वॅट वाजत असताना तबल्याची थाप सरासरीच्या १५ डीबी वर गेली तर त्या क्षणाला ३० वॅट लागतात. जुना ते देतो. नवा साडेसातला अडतो आणि आवाज फाटतो. आलापात हे कळणार नाही, द्रुत लयीत तबला आणि तान एकदम आली की कळेल. तुम्ही लिहिलेला चिरकेपणा आणि बोचणं हे ताकद संपल्याचं लक्षण आहे, क्लास-डीचा स्वभाव नव्हे.

उपाय सोपा: लॅपटॉपचा १९ व्होल्ट ४.७ अँपिअरचा अडॅप्टर लावा, ८ ओमवर २० वॅटपर्यंत फाटणार नाही. २४ व्होल्टचाही चालतो, चिपची मर्यादा २६ आहे. पण त्याआधी बोर्ड उघडून सप्लायच्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज वाचा. स्वस्त बोर्डांवर २५ व्होल्टचे बसवलेले असतात, ते २४ वर फुगतात. ३५ व्होल्टचे हवेत. अडॅप्टरच्या पिनेचं टोकही बघा, आत प्लस आणि बाहेर मायनस आहे ना ते. उलट लावलात तर बहुतेक बोर्ड तिथल्या तिथे जातो.

दुसरी गोष्ट. या चिपचा फीडबॅक (चूक सुधारायला परत आणलेला आउटपुटचा अंश) आउटपुटच्या कॉइल-कपॅसिटर फिल्टरच्या आधी घेतलेला असतो. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरॅड असा नेहमीचा जोड धरला तर फिल्टरचा अनुनाद ६१ किलोहर्ट्झवर येतो, आणि ट्वीटरचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा, ओममध्ये) वर चढत असेल तर २० किलोहर्ट्झला साधारण एक डीबीचा उठाव मिळतो. ख्यालात तिथे फारसं काही नसतं, तरी झांजेत किंवा रेकॉर्डच्या टिकटिकीत तो जाणवू शकतो. महागड्या क्लास-डी मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरच्या नंतर घेतात, तिथे हा प्रश्न उरत नाही.

आता मूळ प्रश्न. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चांगल्या ॲम्पमध्ये डिफरन्शियल इनपुट, एनपीएन-पीएनपी (एकमेकांच्या उलट जातीच्या ट्रान्झिस्टरच्या) सिलिकॉन जोडीचं आउटपुट आणि प्लस-मायनस सप्लाय असतो. त्याचं डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या खाली राहतं, तुमचे स्पीकर स्वतःच त्याच्या कितीतरी पट जास्त घालतात. १९७८ साली इंग्लंडमध्ये क्वाड या ॲम्प कंपनीने आपलेच तीन ॲम्प जाणत्या श्रोत्यांपुढे नाव न सांगता वाजवले: १९५३चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १९६७चा ३०३ आणि १९७५चा ४०५. तिघांच्या रचना पूर्ण वेगळ्या. श्रोत्यांना ते अंदाजापेक्षा बरे ओळखता आले नाहीत. अट एकच होती, प्रत्येक ॲम्प धडधाकट आणि आपल्या ताकदीच्या आत वाजणारा.

तुमचा जुना सध्या धडधाकट नाही. म्हणून त्याच्यावर निकाल आताच देऊ नका. भंगारात तर मुळीच देऊ नका, ४० वॅटच्या ॲम्पचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि तेवढी हीट सिंक आज वेगळी घ्यायला गेलात तर स्वस्त पडत नाही.

जवारी, ग्वाल्हेर

राजेंद्रनगरकर, जुन्यावर ‘लाउडनेस’चं बटण आहे का, आणि ते दाबलेलं आहे का?

भरदार तानपुऱ्याचं निम्मं रहस्य बहुधा तिथे सापडेल. कमी आवाजावर कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, ते भरून काढायला हे बटण बास आणि थोडा ट्रेबल उचलतं. नॉब जितका मागे, तितका उचल जास्त. तुमचा नॉब आठ-नऊवर अडकलेला आहे, म्हणजे उचल जवळपास पूर्ण लागते. डग्गा गुबगुबीत वाटणारच. ऐकायला आवडत असेल तर खुशाल लावा, त्याच कामासाठी ते आहे. पण ॲम्पची तुलना करताना लाउडनेस बंद, बास-ट्रेबल मधोमध, फिल्टर बंद.

मग दोघांचा आवाज एकसारखा करा, कानाने नव्हे, मल्टिमीटरने. अर्ध्या डीबीने मोठा वाजणारा ॲम्प जास्त मोठा वाटत नाही, जास्त चांगला वाटतो. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा साइन टोन लावा, स्पीकर जोडलेले ठेवून टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही ॲम्प एक व्होल्टवर आणा. ०.१ डीबी म्हणजे सव्वा टक्का, तेव्हा १.०० आणि १.०१ व्होल्ट इतकं जुळायला हवं. क्लास-डीच्या आउटपुटवर शेकडो किलोहर्ट्झचा स्विचिंगचा अंश असतो, साधा मल्टिमीटर त्याने भरकटतो. मीटरच्या लाल टोकाआधी १ किलोओमचा रेझिस्टर आणि मीटरच्या दोन टोकांत ०.०१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. दोन्ही ॲम्पना हाच जुगाड ठेवा म्हणजे मीटरची जी काही चूक असेल ती दोघांना सारखीच लागेल.

एका स्पीकरवर दोन ॲम्प आलटूनपालटून ऐकायला स्विच करणार असाल तर हे नीट वाचा. टीपीए३११६ च्या आउटपुटचा मायनस हा ग्राउंड नाही, त्याच्यावरही सिग्नल असतो. जुन्याचा मायनस चेसिसला असतो. दोघांचे मायनस एकत्र बांधून फक्त प्लस बदलणारा स्विच लावलात तर नवा ॲम्प गेला. स्टिरिओसाठी चार पोलचा स्विच घ्या, प्लस-मायनस दोन्ही तोडणारा, निदान ५ अँपिअरचा, आणि मधे ‘बंद’ अशी जागा असलेला. साध्या चार पोलच्या रोटरी स्विचवर भरवसा नको, त्यातले काही पुढचा संपर्क जोडून मग मागचा सोडतात. डॅकही दोन्ही ॲम्पना एकदम जोडून ठेवू नका, त्याची तार हलवा.

घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून ॲम्प निवडायला सांगा, तुम्ही पाठमोरे बसा. सोळा फेऱ्यांपैकी बारा बरोबर आल्या तर फरक ऐकू येतो म्हणा. निव्वळ अंदाजाने बारा किंवा जास्त जुळण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. नऊ-दहा आल्या तर आवाजावरून निर्णय घेऊ नका, सोयीवरून घ्या.

गाणं निवडताना एक सुचवतो. मंद्रातला संथ आलाप आणि मागे उघडा तानपुरा. क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (लाट शून्य ओलांडताना पडणारी खाच) असेल तर ते तानपुऱ्याचा स्वर विरत जातो त्या शेवटच्या भागात कळतं. आवाज लहान होईल तसा तो रेशमी न होता खरबरीत होत जातो.

नऊव्होल्ट, इंदूर

रोहित्र यांच्याशी बराचसा सहमत, पण ‘जुना’ या एका शब्दात फार काही एकत्र कोंबलं जातंय. १९७८चा जपानी आणि १९६८चा ट्रान्झिस्टर ॲम्प यांना एका रांगेत बसवता येणार नाही.

सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये मोठ्या ताकदीचे सिलिकॉन पीएनपी मिळत नव्हते किंवा फार महाग होते, म्हणून वर-खाली दोन्हीकडे एनपीएनच वापरत. २एन३०५५ ची जोडी लावलेले असे कितीतरी संच आपल्याकडे अजून चालू आहेत. त्यात लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा भाग सारखा हाताळला जात नाही, बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहता ठेवलेला थोडा करंट) कमी पडला की शून्याजवळ खाच पडते. शिवाय सप्लाय एकेरी आणि आउटपुटला कपॅसिटर. १००० मायक्रोफॅरॅड आणि ८ ओम म्हणजे २० हर्ट्झला ३ डीबी खाली, हे नव्यात. तोच कपॅसिटर वाळून निम्मा झाला की ४० हर्ट्झ. अशा ॲम्पला ‘गोड’ म्हणणारे बरेचदा बास आणि ट्रेबल दोन्ही गेलेला आवाज ऐकत असतात. त्या पिढीला मी सरळ सांगेन की नव्या साध्या चिपचा ॲम्पसुद्धा, उदाहरणार्थ नीट सप्लायवरचा एलएम३८८६, तिच्यापेक्षा चांगला आहे. (क्वाड ३०३ त्याच काळातला आणि दोन्हीकडे एनपीएनवालाच, पण त्याच्या तीन-ट्रान्झिस्टरी रचनेने खाचेचा प्रश्न निकालात काढला होता. म्हणून तो त्या चाचणीत टिकला. त्याच्यावरून बाकीच्यांचं माप काढू नका.)

वॅटच्या आकड्यांचंही तसंच. अमेरिकेत १९७४ साली नियम आला की घरगुती ॲम्पची ताकद सलग चालवून, दोन्ही चॅनल एकदम, डिस्टॉर्शनच्या आकड्यासह सांगायची. त्यामुळे त्यानंतर निर्यातीसाठी बनलेल्या जपानी ॲम्पचे ४० वॅट हे खरे ४० असतात. आपल्याकडे नंतर डेकवर छापले जायचे ते हजार-दोन हजार पीएमपीओ (फुगवून सांगितलेली क्षणिक ताकद), त्यांचा या वॅटशी काही संबंध नाही.

व्हॉल्व्हवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथे फरक खरोखर ऐकू येतो. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स २ ओम धरा. स्पीकरचा इम्पीडन्स कुठे ६ ओम, कुठे ३० ओम असतो. ६ ओमच्या जागी अडीच डीबी गळतात, ३० ओमच्या जागी अर्धा. म्हणजे स्पीकरच्या इम्पीडन्सच्या चढउताराबरोबर दोन डीबीचा चढउतार आवाजात उतरला. हा टोन कंट्रोलच झाला, फक्त त्याला नॉब नाही. एका स्पीकरवर तो सुंदर लागेल, दुसऱ्यावर डग्गा सैल वाटेल. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा इम्पीडन्स ०.१ ओमच्या आत असतो, तिथे हाच हिशेब ०.१ डीबीवर येतो. आणि व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर न जोडता कधी वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरवाल्याला उघडं राहिलेलं चालतं, शॉर्ट चालत नाही.

राजेंद्रनगरकर, तुमच्याकडचा त्या चांगल्या पिढीतला दिसतो. दुरुस्त करा. पण आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायचं कारण काय? ते वाजतायत. ट्रान्झिस्टर वापराने झिजत नाही. बाजारात नावाजलेल्या नंबरांचा खोटा माल इतका आहे की खरे काढून खोटे बसवण्याचीच भीती जास्त. वरून अक्षरं हुबेहूब असतात, आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र निम्म्या आकाराचा, आणि एक मोठा आवाज आला की गेला. दुसरं म्हणजे मूळ ट्रान्झिस्टरच्या वेगानुसार सर्किटची भरपाई ठरवलेली असते. भलत्या वेगाचा बसवला तर ॲम्प कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारितेवर डोलायला लागतो, हीट सिंक विनाकारण तापते आणि ट्वीटर जातो.

झाकण उघडण्याआधी एवढं मोजून इथे लिहा: घरातला मेन्सचा व्होल्टेज, मागचा व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे, आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून दोन्ही स्पीकर टर्मिनलवरचा डीसी.

राजेंद्रनगरकर, इंदूर

सगळ्यांचे आभार. मोजलं.

लाउडनेस चालू होता. बंद केल्यावर भरदारपणा निम्म्याहून कमी झाला, जवारी म्हणतात तसंच. नव्याला १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, आता त्याच आवाजावर थाप फाटत नाही.

मेन्स दुपारी २३८, रात्री उशिरा २४४. सिलेक्टर २२० वर आहे, पुढचा खाचा २४०. डीसी डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ६४. उजवीकडचा सुरू केल्यावर ९० असतो आणि हळूहळू उतरतो. घुं व्हॉल्यूम शून्यावरही तेवढंच. डावा चॅनल गायब असताना स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने झाकणावर टकटक केलं तर परत येतो.

सोल्डरिंग येतं, लहान बोर्ड जमवलेले आहेत. मेन्सवरच्या गोष्टीत मात्र सावकाश जायचंय.

रोहित्र, वडोदरा

सगळं अपेक्षित आहे आणि सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

पहिलं काम फुकटातलं: प्लग काढा आणि सिलेक्टर २४० वर करा. २२० च्या टॅपला २४४ दिले की आतले सगळे व्होल्टेज ११ टक्क्यांनी चढतात. ३८ चा सप्लाय ४२ होतो. ५० व्होल्टचा जुना कपॅसिटर ते सोसतो, पण तापतो जास्त आणि वाळतो लवकर. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा तर विचारायलाच नको. वर चार बोटं मोकळी जागा सोडा, ॲम्पवर रेकॉर्ड प्लेअर ठेवू नका.

झाकण काढण्याआधी प्लग काढलेला. फिल्टर कपॅसिटर १०० ओम ५ वॅटच्या रेझिस्टरने दहा सेकंद धरून उतरवा, मग मीटरने खात्री करा, प्लस आणि मायनस दोन्हीकडचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर ती इथे सोडा. सिरीज बोर्ड (मेन्स आणि ॲम्पच्या मधे मालिकेत बल्ब असलेला) तयार ठेवा: साधा तारेचा ६० वॅटचा बल्ब, एलईडी नाही. कामानंतर पहिल्यांदा त्याच्यातूनच सुरू करायचं. बल्ब भपकन लागून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात तसाच राहिला तर ताबडतोब बंद, आत शॉर्ट आहे.

डावा चॅनल. टकटक केल्यावर येतो म्हणजे संशय तीन जागी: स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, टेप मॉनिटरचा (टेपवरचा आवाज ऐकण्याचा) स्विच आणि ड्राय सोल्डर (तडकलेला टाका). झाकण काढल्यावर चॅनल गायब असताना फक्त रिलेला प्लास्टिकच्या काडीने हलकं टोचा. आला तर रिले. न आल्यास टेप मॉनिटर वीस-पंचवीस वेळा दाबा. तरीही नाही तर बोर्डवर मोठ्या पायांभोवती काळी गोल रेघ शोधा, तो ड्राय सोल्डर. माझा अंदाज रिले, कारण आवाज वाढवल्यावर परत येणं ही त्याचीच खूण: कमी व्होल्टेज काजळलेल्या संपर्कातून जात नाही, जास्त गेलं की थर फोडून जातं. रिलेला सँडपेपर लावू नका, चांदीचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. बदला. वर कॉइलचा व्होल्टेज छापलेला असतो, बहुतेकदा २४. पायांची रचना आणि कॉइलचा रेझिस्टन्स जुन्याशी जुळवूनच घ्या, कारण रिलेबरोबर मालिकेत एक रेझिस्टर असतो आणि कॉइल वेगळी असली की रिले ओढत नाही किंवा तापते.

घुं. व्हॉल्यूम शून्यावर तेवढंच राहतं म्हणजे सप्लायचं, बाहेरून आलेलं नाही. फिल्टर कपॅसिटरवर मीटर एसीला लावा. ॲम्प नुसता चालू असताना ५०-१०० मिलिव्होल्ट ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर कपॅसिटर संपला. दोन्ही एकदम बदला. मूळ ६८०० असेल तर १०,००० पर्यंत जा, त्यापुढे नको: मोठ्या कपॅसिटरला सुरुवातीचा झटका मोठा लागतो आणि जुना ब्रिज व स्विच तो सोसत नाहीत. व्होल्टेज मूळच्याइतका किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचा. केल्ट्रॉन, निचिकॉन, पॅनासॉनिक यांपैकी जो खात्रीचा मिळेल तो. दुकानातच कपॅसिटन्स मीटरवर लावून बघा आणि हातात वजन बघा. मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर भरून वर नवं आवरण चढवलेला माल येतो. जुन्याचा व्यासही मोजून न्या, बहुतेक ३५ मिलिमीटरचा पट्टा असतो, बारीक कपॅसिटर त्यात सैल बसतो आणि हलून पाय तुटतो.

कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, ठिसूळ गोंद दिसेल. तो मूळचा कारखान्यातला आहे, पण वयाने वीज वाहायला लागतो आणि शेजारच्या पायांना गंज चढवतो. नखाने किंवा बांबूच्या काडीने खरवडून सगळा काढा, खालचा डायोड-रेझिस्टर हिरवा-काळा झाला असेल तर बदला. मेन्स स्विचवर एक लहान चौकोनी कपॅसिटर असतो, तडा गेला असेल तर त्याच किमतीचा (मायक्रोफॅरॅडचा) एक्स-टू म्हणजे मेन्ससाठीच्या दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा बसवा. तिथे साधा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर चालवतात, तो चालवू नका: फुटला तर आग लागते.

उजवीकडचे ६४ मिलिव्होल्ट. ३० च्या आत उत्तम, ५० पर्यंत हरकत नाही, १०० च्या वर स्पीकर लावू नये. तापल्यावर उतरतो म्हणजे इनपुटच्या ट्रान्झिस्टर जोडीपैकी एक सरकलाय. तिथला नंबर वाचा. २एसए७२६ किंवा पाय काळे पडलेले २एससी४५८ दिसले तर दोन्ही चॅनलचे बदला, ते वयाने खर्र-फट्ट असा आवाजही करायला लागतात. २एसए७२६ च्या जागी केएसए९९२ चालतो, मल्टिमीटरच्या एचएफई खाचेत पाय ताडून दोन सारख्या गेनचे निवडा आणि चपट्या बाजू एकमेकांना चिकटवून बसवा म्हणजे दोघांचं तापमान सारखं राहतं.

बायस शेवटी, आणि सिरीज बल्ब काढून. आधी जुने ट्रिमपॉट (बायस लावायचे छोटे फिरते रेझिस्टर) बदला. त्यांचा फिरता काटा सुटला तर बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम वर जातो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. जुन्याची जागा मोजून नवा त्याच्यापेक्षा कमी बायसच्या बाजूला ठेवून सुरू करा. आउटपुटच्या पांढऱ्या सिमेंट रेझिस्टरवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ०.४७ ओमवर १२ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तो, नसेल तर २० ते ३०. अर्धा तास झाकण ठेवून तापवा, पुन्हा मोजा, पुन्हा लावा. आउटपुट ट्रान्झिस्टरखालची पेस्ट पांढरी भुकटी झाली असेल तर जुनी पुसून नवी पातळ लावा, अभ्रकाची चकती फाटू देऊ नका. आणि चालू ॲम्पमध्ये मीटरची टोकं एका हाताने, क्लिप लावून. एक निसटलेलं टोक पूर्ण चॅनल घेऊन जातं.

नऊव्होल्ट, इंदूर

खरखरीला कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, साधं गंज काढायचं तेल नको. ते धूळ धरून ठेवतं आणि काही पॉटमधली (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमधली) ग्रीसही घालवतं. पॉटच्या फटीतून थोडा मारा, तीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, रात्रभर सुकू द्या. इनपुट सिलेक्टर आणि टेप मॉनिटरलाही तेच. मुंबईकडून आलेल्या संचांत स्विच आतून हिरवे असतात, आपल्याकडे गंज कमी आणि माळव्याची धूळ जास्त, म्हणून आधी ब्रशने झाडून मगच क्लीनर. नाहीतर चिखल होतो.

आठ-नऊवर अडकणाऱ्या नॉबचं कारण ॲम्पचा दोष नाही. ऑक्सला पूर्ण ताकदीसाठी १५०-२०० मिलिव्होल्ट पुरतात, त्या काळचे ट्यूनर-टेप तेवढंच द्यायचे. डॅक देतो २ व्होल्ट. पॉटचे दोन ट्रॅक सुरुवातीच्या भागात कधीच सारखे नसतात, म्हणून डावं-उजवं हलतं. प्रत्येक चॅनलला सिग्नलच्या वाटेत १० किलोओम आणि त्याच्या पुढे, ॲम्पच्या बाजूला, सिग्नल ते ग्राउंड २.२ किलोओम लावा. १५ डीबी उतरतात, २ व्होल्टचे ०.३६ होतात. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, आरसीए प्लगच्या आतच बसतात. नॉब अकरा-बारापर्यंत येईल. मोबाइलचा आवाज कमी करूनही हेच साधतं, पण मग एखाद दिवशी कुणीतरी तो पूर्ण वाढवतं आणि स्पीकरवर येतं.

राजेंद्रनगरकर, इंदूर

रिलेच निघाला. काडी लावली की चॅनल येतो, सोडली की जातो. फिल्टर कपॅसिटरवर एसी ०.७ व्होल्ट. इनपुटला २एसए७२६ आहेत, चारही. रिले २४ व्होल्टचा, कॉइल ६५० ओमच्या आसपास. यादी करून महाराणी रोडला जातोय.

एक विचारायचं राहिलं. फोनोच्या बोर्डवरही बारीक इलेक्ट्रोलिटिक बरेच आहेत. तेही आताच बदलावेत का?

जवारी, ग्वाल्हेर

फोनो लावून, प्लेअर न जोडता, नॉब बारावर ठेवा. दोन्ही बाजूंनी सारखी मऊ सूं येत असेल तर सध्या हात लावू नका. एका बाजूला पटपट किंवा गडगड असेल तर त्या बाजूचा ट्रान्झिस्टर आधी, कपॅसिटर नंतर. बदलायचेच झाले तर एका वेळी एक, आणि प्रत्येक वेळी ऐकून. सगळे एकदम काढले आणि एक उलटा बसला तर शोधत बसाल. ठिपका मायनसकडे की प्लसकडे हे जुन्या बोर्डांवर दर कंपनीचं वेगळं असतं, म्हणून काढण्याआधी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या.

आरआयएए वळणातले (रेकॉर्डचा बास-ट्रेबल मूळ प्रमाणात आणणाऱ्या भागातले) लहान फिल्म कपॅसिटर आणि रेझिस्टर मात्र जसे आहेत तसे राहू द्या. ते वयाने फारसे हलत नाहीत, आणि तिथे एका चॅनलची किंमत पाच टक्के इकडेतिकडे झाली तर गवयाचा आवाज मधोमध न राहता एका बाजूला सरकतो. चांगला फोनो स्टेज आतच असणं हा तुमच्या जुन्याचा मोठा फायदा आहे. नव्याला रेकॉर्ड प्लेअर जोडायला तो वेगळा घ्यावा लागला असता.

रोहित्र, वडोदरा

रिले दोन पोलचा, संपर्क ५ अँपिअर किंवा जास्त. दुकानात ‘कारचा रिले’ देतील, तो घेऊ नका, १२ व्होल्टचा आणि एकाच पोलचा असतो. केएसए९९२ दहा तरी आणा म्हणजे जोड्या जमतील. सिलेक्टर २४० वर गेल्याने सगळे आकडे थोडे बदलतील, तेव्हा काम सुरू करण्याआधी दोन्ही चॅनलचा डीसी आणि बायस पुन्हा मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि आधी फक्त रिले व फिल्टर कपॅसिटर बदलून एक दिवस वाजवा. ट्रान्झिस्टर त्यानंतर.